नाव तोंडानं सांगा

माझी सून मोबाइलवर लूडोच्या स्पर्धा घेते. पैशाचा खेळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. आदिलाबादच्या आसपासच्या मराठी बाया आपापल्या घरून खेळतात आणि जिंकणारीला मिक्सर मिळतो. मावला हे आमचं गाव; तिथं घरी ओट्याजवळ टेबल टाकून सून बसते आणि तिथून सगळं चालवते. मला वाटायचं, हे रिकाम्या लोकांचं काम. आता मी स्वतःच त्यात आहे.

माझं काम नावं तपासायचं. खेळात शिरायला प्रत्येक बाईचं एक लॉगिन नाव असतं, त्या नावाशिवाय खेळ आत घेत नाही. मागच्या खेपेला एका बाईच्या लॉगिनवर तिचा दीर खेळला आणि मिक्सर घेऊन गेला. तेव्हापासून सुनेनं नियम केला. शेवटच्या आठजणी उरल्या की प्रत्येकीला फोन लावायचा आणि लॉगिन नाव तिनं स्वतः तोंडानं सांगायचं. आपण नाव वाचून ‘हेच ना?’ असं विचारायचं नाही, कारण मग कोणीही हो म्हणते. कागदावरच्या नावाशी जुळलं की बरोबरची खूण. जुळलं नाही किंवा बाई बोललीच नाही, तर फुली.

“मामाजी, तुमचा आवाज मोठा आहे. गावंही तुमाले माहीत आहेत,” सून म्हणाली. खरं कारण ते नव्हतं. बायको गेल्यापासून मी दिवसभर पलंगावर बसून भिंत पाहत होतो, ते तिला बघवत नव्हतं. मी चौथी शिकलो, पण एवढं समजते मला.

आवाजाचं मात्र खरं आहे. कापसाच्या मार्केट यार्डात मी उभा जन्म गेटवर काढला. कोणाची गाडी वजनकाट्यावर घ्यायची, त्याचं नाव पुकारायचं, हेच काम. म्हणून फोनवरही मी पुकारल्यासारखाच बोलतो.

त्या दिवशी पाच वाजता यादी बंद होणार होती. तामसीची एक बाई बसमध्ये होती. “लॉगिन नाव सांगा,” मी म्हटलं.

“बाबा, मंग सांगू का? सासू बाजूले बसली आहे.”

“नियम आहे बाई. हळू सांगा.”

ती फोनात कुजबुजली, “सासूची सासू.”

मी खूण केली. सून तोंडावर पदर धरून हसत होती.

सातजणी झाल्या. आठवी वांकिडीकडची, कापूसवाल्या घरची. फोन लगेच उचलला, जणू हातातच धरून बसली होती. मी नाव विचारलं तर गप्प.

“ऐकू येऊन राह्यलं का, बाई?”

“येते, बाबा. पण ते नाव मी नाही सांगू शकत.”

“काऊन?”

“आमच्या ह्यांचं नाव आहे ते. फोन ह्यांचा. दुकानवाल्यानं त्याच नावानं लॉगिन करून देल्लं.”

“मग बदलून घ्यायचं होतं.”

“मले काय माहीत, तुमी तोंडानं वदवून घेसान म्हणून?”

सुनेनं मान हलवली. जोड्या लागल्यावर नाव बदलता येत नाही, खेळ तेच नाव मागतो. मी विचारलं, घरात दुसरं कोणी आहे काय?

“सारे वावरात गेले, कापूस वेचाले. आन दुसऱ्यानं सांगतलं त तुमी म्हणसान, तोच खेळते.”

बाई हुशार होती.

सून म्हणाली, “मामाजी, फुली मारा. एकीले सोडलं त बाकीच्या माह्या डोक्यावर बसतीन. आन या जमान्यात कोण नाव घेत नाही? मी त तुमच्या लेकाले नावानंच हाक मारतो.”

फोन चालूच होता. त्या बाईनं ऐकलं. “ताई शिकलेल्या आहेत. त्यायनं घेतलं त बरंच आहे. मले नाही जमत.” मग मला म्हणाली, “बाबा, माझं नाव काटू नका. आधी मिक्सर जिंकलेल्या एकीले हरवलं मी. हरली त खेळून हरू द्या.”

मी म्हटलं, पाचच्या आत परत फोन करतो. पेन हातात होता. फुली मारायला किती वेळ लागतो?

माझ्या बायकोनंही जन्मभर माझं नाव घेतलं नाही. दवाखान्यात नेली तेव्हा तिला ताप होता आणि ती मधूनच काहीबाही बोलायची. डॉक्टर दूरचा होता, मराठी येत नव्हतं. होश किती आहे ते पाहायला त्यानं हिंदीत विचारलं, तुमचं नाव काय. तिनं सांगितलं. गाव कोणतं. तेही सांगितलं. नवऱ्याचं नाव काय. तिनं पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानं पुन्हा विचारलं. मी खेकसलो, “सांग ना वं! काऊन तोंड शिवून बसली?” तिनं माझ्याकडे पाहिलं, बोलली नाही. डॉक्टरनं कागदावर लिहिलं की हिला पूर्ण होश नाही.

आमच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, एवढंच मी सांगायचं होतं. यार्डात नवऱ्याच्या जागी गाडी घेऊन आलेल्या आणि त्याचं नाव न सांगणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्या होत्या, मला माहीत नव्हतं असं नाही. शिकलेल्या माणसापुढे लाज वाटली. त्यानंतर तिला कोणी काही विचारलं नाही. कुठं दुखते, पाणी पाहिजे का, झोप लागली का, सगळं मला विचारायचे आणि मी अंदाजानं सांगायचो. नवव्या दिवशी ती गेली. वेगळं काही झालं असतं असं मी म्हणत नाही. पण तिला कुठं दुखत होतं, ते मला आजही नक्की माहीत नाही.

मी सुनेला म्हटलं, “मी नावं वाचतो. ती फक्त हो-नाही म्हणेल. एक तिच्या नवऱ्याचं, बाकी दुसऱ्यांची.”

“किती नावं?”

“तीन.”

“तीनात अंदाज लागते. पाच घ्या.”

म्हणजे आणखी चार नावं लागली. यार्डातले तीन गाडीवाले आठवले, तिघेही आता नाहीत. चौथं काही सुचेना. घड्याळ पुढं सरकत होतं, म्हणून माझंच टाकलं.

फोन लावला. फक्त हो-नाही म्हणा, असं सांगून पहिलं नाव वाचलं.

“नाही.”

दुसरं.

“हे बी नाही.”

तिसरं माझं होतं. मी आपलं वाचलं, बाकीच्यांसारखंच.

“नाही बाबा, हे नाही.”

चौथं वाचलं. काहीच नाही. फोन कटला की काय म्हणून मी कानापासून काढून पाहिला. चालू होता. पाचवं वाचलं.

“नाही.”

“बाई, चौथ्याले काही बोलल्या नाही तुमी.”

“तेच त,” ती म्हणाली.

पाचला दहा कमी होते. चौथं नावच तिचं लॉगिन होतं; मी बरोबरची खूण केली. सुनेनं कागद घेतला, नावं वाचली, तिसऱ्यावर थांबली.

“हे तुमचं काऊन?”

“एक कमी पडलं.”

नियमाच्या खाली तिनं एक ओळ लिहिली: नाव घेत नसतील तर पाच नावं वाचावीत.

संध्याकाळी मी ट्रंकेतून दवाखान्याचा कागद काढला. सगळं इंग्रजी आहे, पण होश नसल्याची ओळ कोणती ते लेकानं तेव्हाच दाखवलं होतं. त्या ओळीवर फुली मारली आणि बाजूला बरोबरची खूण केली. कागद परत ट्रंकेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी वांकिडीवालीचा फोन आला.

“बाबा, हरली मी.”

“कशी?”

“सहाच पडून नाही राह्यला. ते तामसीवाली, ‘सासूची सासू’, तिच्याकडून हरली.”

“पुढच्या वेळी लॉगिन नाव बदलून घे बाई.”

“नाही बदलत. आठात पोहचली त्याच नावानं,” ती म्हणाली. “तुमी आपले पाच वाचा.”