मागच्या रांगेतलं वाक्य

गोदामाचे मॅनेजर भाविक साहेब मनालीचा संशोधनाचा पेपर वाचता वाचता एका ओळीवर थांबले. बोट तिथंच ठेवून त्यांनी विचारलं, “हे कोण बोललं?”

काल्हेरच्या गोदामातल्या त्या केबिनमध्ये मनाली फक्त परवानगीच्या पत्रावर सही घ्यायला आली होती. पाच मिनिटांचं काम, असं धरून तिनं बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती.

“नाव देता येत नाही, साहेब. मुलाखती घेताना सगळ्यांना तसा शब्द दिलाय.”

“गोदाम माझं, माणसं माझी, आणि नाव मला सांगता येत नाही?”

मनाली तरे खारबावची. भिवंडीच्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची. धंद्यात कॉम्प्युटरची नवी व्यवस्था आली की रोज ती वापरणारी माणसं तिच्याशी कसं जमवून घेतात, हा तिचा विषय. हे गोदाम तिच्या रामनाथमामांच्या जमिनीवर उभं होतं, म्हणून तिला आत जाऊन बायकांशी बोलायला मिळालं होतं. परवानगी तोंडीच होती. तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

गोदामात तेव्हा नुकतीच हातात धरायची मशीन आली होती. खोक्यावरची रेघांची चिठ्ठी तिनं वाचली की ते खोकं कुठल्या रांगेत आहे हे मुंबईच्या ऑफिसात दिसायचं. पण मागच्या रांगांत रेंज मिळायची नाही. तिथल्या बायकांनी मग आपली सोय केली. खोक्यांच्या जादा चिठ्ठ्या रेंज असलेल्या पुढच्या टेबलावर चिकटवायच्या आणि शिफ्ट सुटताना सगळ्या मशीननं एकदम वाचून टाकायच्या. काम अडायचं नाही, पण कॉम्प्युटरवर एक दिसायचं आणि रांगेत दुसरंच असायचं. मनालीचा पेपर नेमका यावर होता.

परदेशातल्या एका जर्नलनं तो नाकारला नव्हता. सुधारून पुन्हा पाठवा, म्हणाले होते. आपल्या विषयात एवढं उत्तर येणं म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखं, असं तिच्या गाईडबाईंचं मत. जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्यांपैकी एकानं लिहिलं होतं की पेपरात लेखिकाच फार बोलते, कामगारांचे शब्द जसेच्या तसे द्या. शिवाय संपादकांना कंपनीची लेखी परवानगी हवी होती. मनालीनं हौसेनं बायकांची वाक्यं इंग्रजीत उतरवून पेपरात घातली. त्यातलंच एक होतं, “मागं गेलं की मशीन आंधली होते. मग आम्हीच तिला सांगतो, काय दिसतंय ते.”

भाविक साहेबांनी हे वाक्य दोनदा मराठीत म्हणून पाहिलं. मग कागद बाजूला सारले.

“मॅडम, माझा स्टॉक जुळत नाही. पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसची माणसं तपासायला येतायत. ही सिस्टीम मीच त्यांच्याकडून मागून घेतली होती. आता हे छापून आलं तर माझं काय होईल?” त्यांचा आवाज चढला नव्हता. मनालीला त्याचीच जास्त भीती वाटली. “सही नाही मिळणार. आणि कोण बोललं ते मी काढतो शोधून.”

ते वाक्य रोशनीचं होतं. रोशनी आणि तिचा नवरा देवराम, दोघं डोंगराकडच्या पाड्यावरून येऊन याच गोदामात काम करत. ती आत, तो गाड्या भरायला. एकीचं नाव फुटलं तर दोघांचं काम गेलं असतं.

मनालीनं तिला दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गाठलं. सगळं ऐकल्यावर रोशनीनं आधी मागं वळून पाहिलं, देवराम कुठं आहे ते.

“ताई, तू बोललीस नाव कुठं जायाचं न्हाय.”

“नाही जाणार.”

“मग आता माझ्याशी नको बोलू. कोनी बघंल.” आणि ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

पण भाविक साहेबांनी खरंच शोधून काढलं, आणि चुकीचं माणूस काढलं. ‘आंधली मशीन’ हा शब्द गोदामात मागच्याच रांगेतल्या हौसाचा म्हणून ठाऊक होता. हौसा बोलकी, सुपरवायझरच्याही तोंडावर बोलायची. मनालीला मात्र तिनं कामाच्या गडबडीत मुलाखत दिलीच नव्हती. तिला त्याच आठवड्यात घरी बसवलं.

हौसा विचारत विचारत कॉलेजात आली. वर्ग सुटलेला, पोरं जिन्यात उभी, आणि त्यांच्यासमोर तिनं मनालीला अडवलं.

“मी तुझ्याशी बोलली का? सांग ना. कवा बोलली?”

“नाही, हौसाबाई.”

“मग जा न् सांग त्याला! तेवढंच सांग, हौसा न्हवती.”

हौसा नव्हती हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मागच्या रांगेत बायका होत्याच किती? एक नाव वगळलं की साहेब दुसरं विचारणार, मग तिसरं, आणि मनाली जिथं गप्प होईल तिथं त्यांना उत्तर मिळणार. हौसा उत्तराची वाट बघत होती. मनाली “मी बघते” एवढंच म्हणाली. हौसा पोरांना बाजूला सारत जिना उतरून गेली.

तिनं गाईडबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, कंपनीचं नाव लपव, तपशील बदल, सहीसाठी महिनाभर थांब, एवढा पेपर घालवू नकोस. सल्ला वाईट नव्हता. पण हौसा महिनाभर काय करणार, हे त्यात कुठंच नव्हतं.

संध्याकाळी मामांनीही सांगून पाहिलं. “माझं ऐक गं, भाविक वाईट न्हाय. घाबरलाय तो. नाव सांगून मोकळी हो.”

“आणि जिचं नाव, ती?”

मामा उठून बाहेर ओट्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनाली पुन्हा त्या केबिनमध्ये जाऊन बसली.

“हौसाला का काढलंत?”

“ती बोलली म्हणून.”

“मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. कुणाच्याच बाबतीत. पण तुम्हाला भीती पेपरची आहे ना? मी तो मागे घेते.”

भाविक साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “दीड-दोन वर्षं फिरलात तुम्ही इथं.”

“हो.”

“हौसाला परत घेतलं तर बाकीच्यांना काय सांगू?”

“चौकशीत तिच्याविरुद्ध काही निघालं नाही म्हणून सांगा. निघालंय का काही?”

साहेबांनी कॉम्प्युटरचं तोंड तिच्याकडे वळवलं. “लिहा. माझ्यासमोर पाठवा.”

मनालीनं संपादकांना चार ओळी लिहिल्या, की अभ्यासातल्या माणसांना धोका होईल, म्हणून लेख मागे घेत आहे. बोट बटणावर नेलं आणि थांबली.

“आधी तुम्ही.”

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. क्षणभर तिला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी फोन उचलला. “सुपरवायझर को बोलो, हौसा को कल से ड्युटी पे बुलाए।”

मनालीनं बटण दाबलं.

हौसा कामावर आली, पण मागच्या रांगेतून काढून तिला पुढं पॅकिंगला बसवलं. आपल्याला परत का घेतलं हे तिला कधी कळलं नाही, आणि मनालीवरचा तिचा राग काही गेला नाही. रोशनी टिकली. नाक्यावर दिसली तर ती मान खाली घालून जायची. मनाली तिला हाक मारत नसे.

गाईडबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस म्हणाल्या, “न छापलेल्या पेपरांची कारणं कुठल्या जर्नलमध्ये येत नाहीत. नाहीतर नव्या पोरांना आधीच सावध करता आलं असतं.”

पीएच.डी. लांबली. मनालीनं दुसरं गोदाम धरलं, आणि तिथं पहिला प्रश्न विचारायच्या आधी लेखी परवानगी घेतली. नव्या पेपरावरही एका तपासणाऱ्यानं कामगारांचे शब्द जसेच्या तसे मागितले. तिनं उत्तरात लिहिलं, शब्द देणार नाही, बोलणारी माणसं त्यांच्या शब्दांवरून ओळखू येतात. त्या जर्नलनं पेपर परत केला. एका लहान जर्नलनं २००९च्या अखेरीस तो छापला, आणि अंक पोस्टानं खारबावच्या घरी आला तेव्हा मनाली कॉलेजात परीक्षेचे पेपर तपासत बसली होती.