बदली गोलरक्षक

मी देवास सोडलं त्या सकाळी बाबांनी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. आधी भोपाळची बस, तिथून कोलकात्याची गाडी. आईने धपाट्यांचा डबा दिला. मैदानावरचा मित्र इरफान बसच्या खिडकीत डोकं घालून ओरडला, "भिया, टीव्हीपे दिखना हां! पीछे बैठ के मूंगफली मत खाना." सगळे हसले. मी एकोणीस वर्षांचा होतो. एका मोठ्या फुटबॉल क्लबने मला राखीव गोलरक्षक म्हणून घेतलं होतं.

राखीव म्हणजे काय, हे बाबांना समजावावं लागलं नाही. जळगावकडून देवासला आल्यावर ते चार वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असलं तर आत घेत, नाहीतर घरी. हजेरी भरत गेली आणि एक दिवस ते कायम झाले. "बदलीच ना?" बसस्टँडवर ते म्हणाले. "मग गेट सोडायचं नाही. ज्या दिवशी तू नसशील, त्याच दिवशी नाव पुकारतील."

मी नऊ वर्षं गेट सोडलं नाही.

काम असं असतं. सामन्याआधी पहिल्या गोलरक्षकाला चेंडू मारून त्याचे हात मोकळे करायचे. आठवडाभर सरावात मार खायचा. एखाद्या स्ट्रायकरचा सूर हरवला असेल, तर त्याचे दोन-तीन गोल होऊ द्यायचे. हे कुणी सांगत नाही, आपोआप कळतं. मग नव्वद मिनिटं बसायचं. दमलेला बचावपटू बदलतात, गोलरक्षक दमत नाही. या काळात मी बांगला शिकलो, काटे काढून मासे खायला शिकलो. इरफानचे मेसेज आधी दर सामन्याला येत, नंतर फक्त ईदला.

तिसऱ्या वर्षी पंजाबातल्या एका लहान क्लबने मला हंगामभरासाठी मागितलं. तिथे मी प्रत्येक सामना खेळलो असतो. मी बाबांना फोन केला. "इतकी हजेरी भरली, आणि आता सोडतोस?" ते म्हणाले. "परमनंट व्हायला टाइम तर लागतोच." मी नकार कळवला. माझ्या जागी क्लबने तिसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाला पाठवलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता.

सहाव्या वर्षी एका मंगळवारी सरावात आमच्या पहिल्या गोलरक्षकाचं बोट मोडलं. सामना शनिवारी होता. मी घरी फोन केला. आई-बाबा मिळेल त्या गाडीने निघाले. शुक्रवारी दुपारी ते कोलकात्यात उतरले आणि संध्याकाळी संघ जाहीर झाला. तेव्हापासून पंजाबातच खेळत राहिलेल्या त्या मुलाला क्लबने परत बोलावलं होतं. प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. ते सभ्य माणूस होते. "तुझ्यात काही कमी नाही," ते म्हणाले, "पण तू सामने खेळलेलाच नाहीस."

शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून स्टेडियममध्ये बसले. त्यांनी सामन्याआधीचा माझा सराव पाहिला. नंतर बाहेर भेटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तू हजर होतास ना?"

"होतो."

"मग झालं. पुढच्या वेळी."

प्रशिक्षक काय म्हणाले, ते मी त्यांना सांगितलं नाही. हजेरी इथे कुणी मोजत नव्हतं, हेही सांगितलं नाही. आणखी तीन वर्षांनी करार संपला. आता मी कोलकात्यातल्याच एका शाळेत मुलांना गोलकीपिंग शिकवतो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत देवासला गेलो होतो. धारचा मामेभाऊ मुलीला घेऊन आला. केतकी, सतरा वर्षांची, गोलरक्षक. हात माझ्यापेक्षा चांगले. तिच्यापुढे दोन कागद होते. एका मोठ्या क्लबने राखीव म्हणून बोलावलं होतं. दुसरा क्लब लहान होता, पण तिथे ती लगेच खेळणार होती. तिने मला विचारलं, "काका, कुठे जाऊ?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "मोठं गेट धर. हा बघ, नऊ वर्षं एक दिवस चुकला नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते अभिमानाने पाहत होते. आई आरतीचं ताट पुसत होती. तिचा हात थांबला.

"बाबा बरोबर सांगतायत," मी म्हणालो.

केतकीने मोठ्या क्लबच्या कागदावर सही केली. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला: "काका, नाव तर येतच नाहीये. और कितना रुकूं?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

कोलकात्यात कुणी घर विचारलं, तर मी देवास सांगतो. तिथे माझी ताट-वाटी आहे, अंथरूण आहे, दोन माणसं वाट पाहतात. त्या घरात मला एक वाक्य सोडून सगळं बोलता येतं.