चिंगी दोन जिवांची

माझा भावोजींवर विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मी विमा कंपनीत दावे तपासते. गाडी खरंच चोरीला गेली की मेहुण्याच्या गॅरेजात झाकून ठेवली आहे, दुकानाला आग लागली की लावली, हे शोधण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे ज्याच्याबद्दल कोणीच वाकडं बोलत नाही असा माणूस भेटला की माझे कान टवकारतात.

आणि भावोजी अगदी तसेच. शाळा सुटल्या सुटल्या एका चष्मेवाल्याकडे काचा पुसायला लागले आणि पुढे तेच दुकान चालवायला घेतलं. समोर काउंटर, पडद्यामागे भिंगं घासायची खोली. गिऱ्हाइकाला चष्मा घालून कानामागून बोट फिरवायचे आणि विचारायचे, ‘टोचतंय का?’ नाही म्हटलं तरी पुन्हा विचारायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ताईवर त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. असा माणूस मला तरी पटत नाही.

म्हणून ताई माझ्याकडे आली आणि दार लावून पलंगावर बसली, तेव्हा मी मनात म्हटलं, आलं एकदाचं बाहेर.

“रविवारी दुकान बंद असतं, तरी जातात,” ताई म्हणाली. “म्हणे मशीन साफ करायचंय.”

“दर रविवारी?”

“दर रविवारी. आणि हल्ली धड जेवत नाहीत. ताटाच्या एका बाजूला तर हातच लावत नाहीत.”

“म्हणजे उरलेलं दुसरीकडे जेवत असतील. अजून काय?”

“खांद्यावर काळंनिळं झालंय. म्हणे दाराची चौकट लागली.”

“इतकी वर्षं त्याच घरात राहतात. चौकट आत्ताच कुठून उगवली?”

 मग ताईने सांगितलं की समोरची शेजारीण जिन्यात हसली तरी हे तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी मान डोलावली. ज्या बाईकडे पुरुष मुद्दाम बघत नाही, तिची चौकशी आधी करावी, असा माझा अनुभव आहे.

“ती नव्हे गं,” ताई म्हणाली. “तिचं नाव चिंगी आहे.”

मागच्या रविवारी ताई डबा घेऊन दुकानात गेली होती. शटर अर्धं खाली होतं. आत भावोजी फोनवर बोलत होते. त्यांचे शब्द ताईने मला जसेच्या तसे सांगितले. ‘चिंगी आता दोन जिवांची आहे, जपून न्यायला हवं.’ आणि थोड्या वेळाने, ‘हिला यातलं काही कळू देऊ नकोस.’

 ताईला मूल झालं नाही. त्यावरून भावोजींनी कधी एक शब्द काढला नव्हता, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना मनातून मानत होते.

“मी बॅग भरून ठेवलीय,” ताई म्हणाली. “तू फक्त खात्री करून दे. मग मी त्या घरात एक दिवस राहणार नाही.”

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही दोघी दुकानात शिरलो. शटरखालून आधी मी वाकून गेले, मागून ताई. पडद्यामागून भावोजींचा आवाज आला, “चिंगे, खाली हो, खाली हो!”

मी पडदा सर्रकन ओढला.

भावोजी एका जुन्या, पाठ फुगलेल्या टीव्हीसमोर बसले होते. हातात वायरचा कंट्रोलर, बाजूला स्पीकरवर टाकलेला फोन. टीव्हीवर एक बारकं पिवळं विमान डावीकडून उजवीकडे चाललं होतं. आम्हाला बघून ते इतके दचकले की विमान फुटलं.

“चिंगी कोण?” मी विचारलं.

“ही काय आत्ता मेली,” भावोजी म्हणाले.

फोनमधून खो खो हसण्याचा आवाज आला. “वहिनी आल्या वाटतं!” तो गोट्या होता, भावोजींचा लहानपणापासूनचा मित्र. हल्ली तो दुसऱ्या शहरात असतो.

मग सगळं बाहेर आलं. लहानपणी हे दोघं व्हिडिओ गेमच्या दुकानात पडीक असायचे. तेव्हा एकाच सुट्टीत विमानांचे दोन गेम आले. एकासाठी पोरांची झुंबड उडाली. दुसऱ्याला कुत्रं विचारेना, तो हा. बाकीच्या गेममध्ये शत्रू कुठून येणार ते पाठ करता यायचं. यात ते दर वेळी वेगळ्या जागेहून यायचे. गेम चीटिंग करतो म्हणत पोरांनी तो सोडून दिला. मशीन रिकामंच असायचं, म्हणून मालक या दोघांना हवा तेवढा वेळ खेळू द्यायचा. विमानाचं नाव यांनी चिंगी ठेवलं. तिला तीन जीव मिळायचे. एक गेला की ती दोन जिवांची. त्या वयात हा विनोद त्यांना फार भारी वाटायचा, आणि भावोजींना अजूनही वाटत होता.

ताई हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत त्यांच्या उजव्या बाजूच्या स्टुलावर बसली. “खेळा, खेळा, मला बघू दे,” म्हणाली.

“काय मेहुणीबाई, झाली का तपासणी?” भावोजींनी मला टोमणा मारला.

झाली नव्हती. चिंगी म्हणजे विमान, ठीक. मग ‘हिला कळू देऊ नकोस’ कशाला? गेम खेळणं लपवावं इतकी माझी बहीण कजाग नाही. मी मागे उभी राहून बघत राहिले.

शत्रू उजव्या कडेने शिरत होते. ताईला ते लगेच दिसायचे. “अहो, आलं बघा, तिकडून आलं,” ती ओरडायची. भावोजी मात्र ते चिंगीच्या नाकाशी येईपर्यंत ढिम्म. एकदा झालं, दोनदा झालं. मला ताट आठवलं, खांदा आठवला, जिन्यातली शेजारीण आठवली.

फळीवरून मी चष्म्याची एक लाल डबी उचलली आणि ताईच्या डोक्यावरून पुढे धरून भावोजींच्या उजव्या बाजूला हलवली. ताईने वर बघितलं. भावोजींनी नाही.

“भावोजी, मी काय हलवतेय?”

त्यांनी कंट्रोलर खाली केला आणि अख्खी मान वळवली. तेव्हा कुठे त्यांना डबी दिसली.

“सांगून टाक रे आता,” फोनमधून गोट्या म्हणाला. यावेळी तो हसत नव्हता.

उन्हाळ्यात एका सकाळी दुकानात भावोजींचं डोकं दुखलं आणि समोरच्या पाटीची अर्धी अक्षरं नाहीशी झाली. मेंदूत रक्ताची बारीकशी गाठ येऊन गेली होती. उजवीकडचं दिसणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, पुन्हा गाठ येऊ शकते, आणि पुढची बारीकच असेल असं नाही. गोळ्या ते दुकानातच ठेवायचे. दर रविवारी इथे बसायचे आणि शत्रू किती जवळ आला की दिसतो ते गोट्याला सांगायचे. गेल्या रविवाराइतकंच दिसलं की दोघं सुटकेचा निःश्वास टाकायचे.

“बाकीचे गेम मला पाठ आहेत, डोळे मिटूनही जिंकेन,” भावोजी म्हणाले. “हा पाठ होत नाही. हा खरं काय ते सांगतो.”

“गोट्याभावजींना कधी सांगितलंत?” ताईने विचारलं.

“त्याच दिवशी.”

 ताई हळूच म्हणाली, “बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.”

ती आवाज न करता उठली आणि पडद्याबाहेर गेली. काउंटरपाशी चष्म्यांच्या आरशाला पाठ करून, तोंडात रुमाल कोंबून रडत उभी राहिली. मला ती दिसत होती.

भावोजींची मान खाली होती. कंट्रोलरची वायर बोटाभोवती गुंडाळत ते उजवीकडच्या स्टुलाशी बोलत होते. “अगं, तू रात्र रात्र जागी राहिली असतीस. माझा श्वास चालू आहे ना ते बघत बसली असतीस. मला ते नको होतं. आजारापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.” ते जरा थांबले. “ऐकतेस ना?”

स्टूल रिकामं होतं.

“ऐकतेय ती,” मी म्हणाले.