कवडीचा श्वास

उत्तमरावांची मेथी वाशीमच्या भाजीबाजारात पोहोचायच्या आधी कवडीच्या टापा पोहोचत. कवडी ही त्यांची बुटकी घोडी, तट्टूच म्हणा ना. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून हे नाव. पहाटेच्या धुक्यात छकड्यावर बसले की उत्तमरावांचा डोळा लागे, आणि उघडे तो थेट बाजारातच. रस्ता घोडीला पाठ. त्या अर्ध्या झोपेत त्यांना वाटे, खाली रस्ता नाहीच. आपण कोथिंबिरीच्या वासावरून तरंगत चाललो आहोत.

आता भाजी ऑटोनं जाते. कवडी तेवीस वर्षांची झाली, आणि गेल्या हिवाळ्यापासून तिला दम्यानं धरलं. नाकपुड्या फुगायच्या, पोट भात्यासारखं हलायचं. गुरांच्या डॉक्टरांनी बरगड्यांखाली उमटलेली रेघ दाखवली. "ही रेघ श्वास ढकलून ढकलून पडली. दमा जात नाही, सांभाळा लागते. कुटार भिजवूनच घाला, धुरळा उडू देऊ नका. मिनिटाचे श्वास मोजा. पंधरा दिवसांत सांजचा आकडा विसाच्या खाली आला नाही, तर तिले मोकळ्या रानात पाठवा."

मोकळं रान म्हणजे मेडशीला, उत्तमरावांचा मेहुणा रामधन याच्याकडे. तिथं चराईला गावाबाहेरचा माळ होता. पण कवडीवाचून मळा ही गोष्ट उत्तमरावांना विचारातही धरवेना.

त्यांनी डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळला. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, रात्रभर पाण्यात, कडबा दूर हलवला, जमिनीवर पाणी शिंपडलं. सकाळी घोडीला पाटाच्या कडेनं हळूहळू फिरवायचे. घोडी बांधायच्या छपरीच्या खांबावर खडूनं आकडे मांडायचे. सकाळी अठरा, सतरा. सांजेला मात्र तीस.

"दिवस बुडताना साऱ्याईचाच जीव थकते," ते म्हणत.

"तुमचा नाई थकत तो, जेवाले बसताना," त्यांची बायको अंजनाबाई म्हणत. पण चौदाव्या दिवशी त्यांनीच भावाला, रामधनला, फोन केला.

रामधन टेम्पो घेऊन आला तेव्हा ऊन कलतं होतं. कवडी शांत उभी होती. त्यानं तिची मान थोपटली. "जवाईबापू, हे तं चांगली दिसून राह्यली! मले कायले बलावलं?"

"थांबा थोडं. सांज होऊ द्या."

दिवेलागण झाली. उत्तमराव रोजच्यासारखे उठले, घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वर कडुनिंबाचा ओला पाला टाकला आणि घमेलं छपरीत कवडीच्या पुढ्यात ठेवलं. त्यांची आई असाच डासांचा धूर करायची; जनावराला धूर दिल्याशिवाय घरात ताट वाढलं जात नसे. निळसर धूर छपराला लागला, त्यात कवडी ढगात उभी असल्यासारखी दिसू लागली. हे रूप उत्तमरावांना फार आवडे.

रामधनला ठसका लागला. डोळे पुसत तो बाहेर आला. "मी दोन पायावर पळून आलो, जवाईबापू. ते तं बांधली हाय. तिनं कुठं जावं?"

उत्तमराव पाहत राहिले. धुरात कवडीचं पोट हलू लागलं होतं. भाता सुरू झाला होता.

"डाक्टरले हे सांगतलं होतं?" अंजनाबाईंनी विचारलं.

नव्हतं सांगितलं. देवापुढचा दिवा लावतो हे कोणी डॉक्टरला सांगतं का? उत्तमरावांनी घमेलं उचललं, पाटापर्यंत नेलं आणि पाण्यात उपडं केलं. चर्र झालं. ते तिथंच बसून राहिले. आईनं सांगितलेलं विझवल्यासारखं वाटत होतं, आणि रोज आपल्याच हातानं कवडीचा श्वास कोंडत आलो, हेही.

"तीन सांजा पाहू," रामधन मागून म्हणाला. "बहिणीच्या घरी राह्यले मले काय तिकीट लागते?"

तीन सांजा धूर झाला नाही. डासांसाठी अंजनाबाईंनी करंजाचं तेल दिलं. उत्तमराव ते कवडीच्या पोटाला, पायांना चोळत बसत. पहिल्या सांजेला चोवीस. दुसऱ्या सांजेला एकवीस. तिसऱ्या सांजेला त्यांनी दोनदा मोजलं, मग रामधनला मोजायला लावलं. अठरा.

"न्या म्हटलं तरी आता नाई नेत," रामधन म्हणाला, आणि सकाळी मेथीच्या दोन जुड्या घेऊन रिकामा टेम्पो मेडशीला गेला.

दमा गेला नाही, जाणारही नाही. वारा धुरळा आणतो त्या दिवशी आकडा चढतो, मग डॉक्टरांकडून औषध येतं. घमेल्यात आता कुटार भिजत असतं.

दिवेलागणीला मात्र उत्तमरावांचा हात सवयीनं कडुनिंबाच्या फांदीकडे जातो, आणि थांबतो. मग ते कवडीच्या बरगड्यांवर तळवा ठेवून बसतात. एक, दोन, तीन... बाराच्या पुढं आकडा निसटतो. मळ्यावरून कोथिंबिरीचा वास येतो, डोळा लागतो, आणि खालचा रस्ता पुन्हा नाहीसा होतो.