खंडेनवमी आणि माणसाच्या पेशी

एखादं जनुक पेशीत काय काम करतं हे कळायला फार हुशारी लागत नाही. ते काढून टाकायचं आणि काय बंद पडतं ते पाहायचं. आमच्या महाविद्यालयात हीच पद्धत प्राध्यापकांच्या जागांवर वापरतात. माझ्या विभागातल्या जागा एकेक करून काढल्या. काहीच बंद पडलं नाही, कारण ते सगळे तास मी घेते. निष्कर्ष असा निघाला, की त्या जागांची गरजच नव्हती.

माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी नेरच्या एका ट्रॅक्टर मेकॅनिकची मुलगी. डीएनएला इजा झाली की त्याची डागडुजी करणारं एक प्रथिन जीवाणूंत असतं, तसंच एक माणसातही असतं. दोन्ही एकच काम करतात का, हा तिचा प्रश्न. एका उबदार कपाटात जीवाणू, दुसऱ्यात बशांमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशी. दोन्हींतून ते प्रथिन बनवणारं जनुक काढलेलं. जीवाणूंचं काम उरकलं होतं. पेशींचा निकाल दिवाळीआधी बाहेरच्या परीक्षकांना दाखवायचा होता. नाही जमलं तर नोंदणी रद्द.

खंडेनवमीला मी केळापूरला देवीच्या दर्शनाला गेले होते आणि ती घरी. इकडे आमच्या प्राचार्यांनी यंत्रपूजा काढली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, पेशीयवर हळदकुंकू हाय."

"कपाटावर म्हणतेस?"

"नाही ना. झाकन उघडून आत टाकलं. एका बशीत झेंडूची पाकळीबी हाय."

मी गेले तोवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं उरलं नव्हतं. पाकळीवरचे जंतू बशीत उतरले होते आणि दोन दिवसांत त्यांनी माणसाचा फडशा पाडला होता. शिवाय कपाटाचं बटण बंद. मी प्राचार्यांकडे गेले.

"आवो मॅडम, नवमीले यंत्र चालवत नाहीत. कापसाचे जिनिंगवालेबी बंद ठेवतात."

"सर, त्या पेशी जिवंत होत्या."

"म्हणून तं पूजा केली!"

"मग शेजारच्या कपाटाची काहून नाही केली?"

"तिथं जंतू हायेत ना! मले काय मरायचं हाय काय? ह्या तं माणसाच्या, आपल्याच." मग समजुतीनं म्हणाले, "प्रसाद ठेवलाय तुमच्यासाठी."

प्रसाद मी घेतला. शिऱ्याचा काही दोष नव्हता.

त्याच पेशींचा गोठवलेला साठा नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ठेवला होता, म्हणून आम्ही तग धरला. तिथे त्या पुन्हा वाढवल्या आणि पोषक द्रवानं काठोकाठ भरलेल्या बाटल्या घेऊन आम्ही एसटीत बसलो. ऊब राहावी म्हणून मुलीनं त्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरल्या. कंडक्टरनं बराच वेळ पाहून मला विचारलं, "काकू, पोरीचं पोट दुखून राह्यलं काय? गाडी थांबवू?"

"नको, जोरात घ्या."

परीक्षक आले त्या दिवशी पेशी व्यवस्थित होत्या. अतिनील प्रकाश दिल्यावर जनुक नसलेल्या मेल्या, तुलनेसाठी ठेवलेल्या जनुक असलेल्या बऱ्याच जगल्या. मग जनुक काढलेल्या जीवाणूंत माणसाचं जनुक घातल्यावर तेही जगले, हा आधीचा निकाल तिनं दाखवला. परीक्षक खूश झाले. फक्त म्हणाले, "पेशींचा भाग एकदाच करून चालणार नाही. आधीच्या फेऱ्यांचं काय झालं?"

प्राचार्य शेजारीच बसले होते. ते घाईनं म्हणाले, "तांत्रिक बिघाड."

"नाही सर," मुलगी म्हणाली. "नवमीले पेशीयची पूजा झाली. त्याच्यात मेल्या."

परीक्षकांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी पंख्याकडे. नोंदणी राहिली, पेशींचा प्रयोग पुन्हा करायला सहा महिने मिळाले. पहिली टाळी प्राचार्यांनीच वाजवली, आणि परीक्षकांना आमची प्रयोगशाळा दाखवायला स्वतः पुढे निघाले. बाहेरचे जंतू येऊ नयेत म्हणून आम्ही बंद ठेवतो ते दार सताड उघडून ते उंबऱ्यात उभे राहिले आणि विभागाची परंपरा सांगू लागले.

"सर, आत या नाहीतर बाहेर व्हा," मुलगी म्हणाली. "दार लावायचं हाय."