तिचा हात साफ होता

भूत, चकवा, भानामती... असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जायची. आजही जाईन. पण हे माझ्यासोबत झालंय, भर दुपारी, लख्ख उन्हात. आणि मी सांगून राहिले ते भीतीपोटी नाही, रागापोटी.

मी सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावची. घरीच फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. नवऱ्याचं खता-बियाण्याचं दुकान आहे. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हातावर पांढरा डाग उठला, आता मनगटापासून बोटांपर्यंत पसरलाय. कोड. हिंगोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे कुणाला लागत नाही, मलम लावा, वेळ लागेल. पण सासूबाईंपुढं डॉक्टर कोण लागून गेला! नणंदेला स्थळं येऊन राहिली ना. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मला आतल्या खोलीत बसवलं आणि बायकांना कुंकू लावायला नणंदेला उभं केलं. माझ्याच घरात!

मग ठरलं, उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडात मला आंघोळ घालायची. नवरा म्हणाला, "पैनगंगेच्या अभयारण्यातून गाडीनं जाऊ. नीलगाई दिसतील, तुझंही फिरणं होईल." लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. मी पाघळले. येडी!

जाताना मजा आली, खोटं कशाला बोलू. उमरखेड मागं पडलं, वनखात्याच्या नाक्यावर गाडीची नोंद झाली, मग सागाचं जंगल सुरू झालं. मोर दिसले. एक नीलगाय रस्त्यात अशी उभी, जसा काही तिच्या बापाचाच रस्ता. ह्यांनी गाडी थांबवून माझा फोटो काढला. काढताना म्हणाले, "हात जरा पदराखाली घे." मी घेतला. पण जीव जळाला.

कुंडावर गंधकाचा वास, वाफ, आणि पाणी असं की पाय टाकला की चटकाच बसावा. सासूबाईंच्या माहेरची एक रीत आहे... ज्या कपड्यात आंघोळ केली ते तिथंच सोडायचे, मागं वळून बघायचं नाही. डाग म्हणे कपड्यासोबत तिथंच राहतो. आंघोळीची साडी पिशवीत त्यांनीच भरून दिलेली. मी तिथं जाऊन उघडून बघते तर माझ्या आईनं पहिल्या संक्रांतीला नेसवलेली काळी साडी! त्यांच्या कपाटात काय चिंध्या नव्हत्या? दुसरं काहीच नव्हतं म्हणून तीच नेसून आंघोळ केली. पण सोडली नाही. पिळली, पिशवीत कोंबली आणि गाडीत माझ्या पायाशी ठेवली.

परतीला जंगलाच्या मधोमध ह्यांच्या लक्षात आलं. पिशवीतलं पाणी खाली मॅटवर पसरलं होतं.

"काहून आणली तू ही? सगळं वाया घालवलं!"

"माझ्या आईची साडी हाय ती. तुमच्या आईच्या सांगण्यावरून फेकू व्हय?"

करकचून ब्रेक मारला. उतरले, पिशवीतून साडी ओढली आणि मागं चालत जाऊन रस्त्याकडेच्या एका पळसावर भिरकावली. परत येऊन स्टिअरिंग धरून बसले. मी दार उघडं टाकून साडी आणायला गेले.

साडी नव्हती. झाडावर नाही, खाली नाही, नालीत नाही. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. मी झाडाला चक्कर मारून राहिले होते, तेवढ्यात गाडीचं दार धाडकन लागल्याचं ऐकू आलं. वळून बघते तर गाडी चालली! ओरडले, पळाले... छे. मोबाईल पर्समध्ये, पर्स गाडीत.

त्या जंगलात अस्वलं आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुठंतरी वानरं खेकसत होती. मी हातात एक धोंडा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मला वाटलं, अद्दल घडवायला सोडून गेलाय. डोकं इतकं फिरलं होतं की अस्वल आलं असतं तर त्याचंही काही खरं नव्हतं.

बऱ्याच वेळानं गाडी परत आली. नवरा उतरला तो पांढराफटक. पळत आला आणि माझा उजवा हात धरून उलटा-पालटा करून बघितला. आधी हात! मग तोंड.

"तू बसली होतीस गं गाडीत... दार लावलंस तू. मी बराबर बोलत होतो तुझ्याशी."

जंगलाच्या नाक्यावर म्हणे तिथल्या माणसानं विचारलं, 'जाताना बाई होती ना सोबत?' तेव्हा ह्यानं शेजारी बघितलं. सीट रिकामी. मी हात लावून पाहिला, सीट चिंब ओली होती, पाठीपर्यंत. आणि मी कोरडी ठणठणीत.

"तोंड नाही पाहिलं का तिचं?"

"गाडी चालवत होतो ना. हात दिसला फक्त, मांडीवरचा. एकदम साफ, एक डाग नाही. मला इतकं बरं वाटलं गं... वाटलं, गुण आला. मी सॉरी म्हणालो तिला. तू जशी भांडतेस तशी भांडली पण नाही. नुसतं हं-हं करत होती."

हे तो मला सांगून राहिला होता! तोंडावर!

ह्याला अहो-जाहो करायची आता इच्छाच होत नाही. मी हट्ट्याला माहेरी आले आहे. सासूबाई म्हणतात, पुन्हा जा, हात साफ झालेला त्यानं डोळ्यांनी पाहिलाय. आई म्हणते, साडी गेली तर जाऊ दे, तू आलीस ना.

ती कोण होती, साडी कुठं गेली, सीट कशानं भिजली... मला काही सांगता येत नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर सांगा. नवऱ्याचा रोज फोन येतो, माफ कर म्हणतो, रडतो. मी दरवेळी एकच विचारते — "त्या नाक्यावरच्या माणसानं विचारलं नसतं, तर तिला घरी नेलं असतंस का तू?"

अजून एकदाही तो 'नाही' म्हणालेला नाही.