लाइन क्लिअर

शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं बाबांची जुनी गिअरवाली सायकल आठवली. रिटायर झाल्यावर रायपूरच्या बूढापारा भागातल्या दुकानातून त्यांनी ती सेकंडहँड घेतली. आईनं चाकाखाली लिंबूही ठेवलं. पण गिअरला बाबा हातच लावेनात. जन्म रेल्वेच्या केबिनमध्ये रूळ बदलायचे लिव्हर ओढण्यात गेलेला. "लाइन क्लिअरची ऑर्डर नसताना लिव्हर ओढाचा नाही, पोरी," म्हणायचे.

एका सकाळी नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर, पुलाच्या चढाला ते धापा टाकू लागले. शेजारून स्कूटीवरून मी ओरडले, "लाइन क्लिअर हाय, बाबा! ओढा!"

खट्ट आवाज झाला. पायडल हलकं झालं आणि बाबा चढून थेट आभाळात शिरल्यासारखे दिसेनासे झाले. मी बघतच राहिले. तेव्हा वाटलं, काय सायकल आहे! आज कळतं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडणारा माणूस पहिल्यांदाच स्वतः निघाला होता.